पिवळ्या झेंड्यांचं बेट

हिंगोलीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भीमराज खिल्लारेनं आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता. तोही सहलीच्या चाळीस पोरांची हजेरी घेता घेता, त्यामुळे अर्धाच. तरी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो समुद्रपक्ष्यांच्या कुळावर पीएच.डी. करत होता. आपल्या बाबतीत असंच व्हायचं, हे त्याला आता सवयीनं कळत होतं.

सुरय हे पक्षी बहुतेक समुद्रावरचे. पण त्यांचा एक भाऊबंद, नदी सुरय, खाऱ्या पाण्याचा नाद सोडून गोड्या पाण्यावर येऊन राहिलेला आहे. काळी टोपी, पिवळीधमक चोच, कात्रीसारखी शेपटी. उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं पाणी उतरलं की मधोमध वाळूचं एक लांबट बेट उघडं पडतं. त्यावर हे पक्षी वाळूत नुसता खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. ना काडी, ना गवत. भीमराजनं पहिल्या वर्षी मोजली तेव्हा घरटी चौसष्ट होती. मग एकावन्न झाली, मग चव्वेचाळीस, आणि चौथ्या वर्षी छत्तीस. कमी होणं त्याच्या आधीपासूनच सुरू होतं, म्हणून तर विषय मंजूर झाला. ‘सिद्धेश्वर जलाशयातील नदी सुरय पक्ष्यांच्या घटत्या संख्येवर भक्षकांच्या होणाऱ्या परिणामांचा चिकित्सक अभ्यास’ हे नाव इतकं लांब होतं, की तो कुणाला सांगायला लागला की त्याची बायको करुणा मधेच उठून चहा टाकायला जायची आणि चहा घेऊन यायची तेव्हा तो ‘चिकित्सक’पर्यंत पोचलेला असायचा.

बेटावर न्यायचं काम नर्मदाबाईंचं. धरणाकाठच्या खडकदरी गावातल्या भोयांपैकी त्या एक. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून मासे धरायला होडी त्याच घेऊन जायच्या. भीमराजला पोहता येत नव्हतं. तो होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, फोटो काढायला बसवल्यासारखा बसायचा. होडीच्या टोकाला नर्मदाबाईंचा कुत्रा काळू बसायचा, आणि भीमराजच्या मनात पुष्कळदा येऊन जायचं, की तिघांमधला सगळ्यात अनुभवी दर्यावर्दी तोच दिसतो.

बेटावर पाय ठेवला की पक्षी उठायचे, केकाटत डोक्यावर यायचे, टोचायचे, आणि वरून पांढरी पिचकारी सोडायचे. म्हणून भीमराज मोटारसायकलचं हेल्मेट घालून आणि वर छत्री धरून शास्त्र करायचा. प्रत्येक घरट्यापाशी तो तुराटीचा एक झेंडा रोवायचा. मोंढ्यातून आणलेल्या पिवळ्या पोत्यांच्या पट्ट्या कापून त्यानं हे झेंडे केले होते, आणि प्रत्येकावर नंबर टाकला होता. एक दिवसाआड जायचं, नंबराप्रमाणे प्रत्येक घरट्यापाशी वाकायचं, अंडी मोजायची, लांबी-रुंदी घ्यायची, वहीत लिहायची. पहिल्याच वर्षी झेंड्यांनी फुललेल्या बेटाचा फोटो त्यानं मोठ्या अभिमानानं व्हॉट्सॲपवर टाकला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, “सर, कोणत्या पक्षाचा मेळावा?” भीमराजला तो विनोद वाटला नव्हता. ज्याला शिस्त कळत नाही त्याला विनोदच सुचणार, असं तो तेव्हा म्हणाला होता.

पण अंडी जात होती. आज तीन असलेली परवा एक, त्याच्या पुढच्या खेपेला खळगा रिकामा. कोण नेतं? भीमराजला उत्तर माहीत होतं. दुसऱ्याच वर्षी काठावरच्या ओल्या मातीत त्याला कुत्र्याच्या पायांचे ठसे दिसले होते. खरं तर ते ठसे गावापासून पाण्यापर्यंत येऊन तिथून परत गावाकडे गेलेले होते, पण परत गेलेल्या ठशांकडे त्यानं फारसं लक्ष दिलं नाही. त्यानं सरळ प्रबंधाचं चौथं प्रकरणच लिहून काढलं: ‘मोकाट व पाळीव श्वान: प्रमुख भक्षक’. फक्त पुरावा जोडायचा राहिला होता.

चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यानं खडकदरीच्या ग्रामपंचायतीत लोकांना जमवलं आणि पाऊण तास भाषण केलं. दोन महिने कुत्री बांधून ठेवा, अशी विनंती केली. सरपंच माणिकराव कान खाजवत म्हणाले, “सर, ऐका. उन्हाळ्यात आमची कुत्री रांजणाखालच्या गारव्याला पडून राहतेत. माशी बसली तर उठवत न्हाईत. तेवढं पाणी पोहून अंडी खायला जायची उमेद त्यांच्यात असती, तर आमी त्यांना फौजेत धाडलं असतं.”

लोक हसले. भीमराज हसला नाही. त्यानं ‘अन्नसाखळी’ हा शब्द तीन वेळा वापरला. शेवटी शिकलेला माणूस एवढं सांगतोय म्हणून लोकांनी कुत्री बांधली. आणि दुसऱ्या दिवशी होडीत बसताना तो नर्मदाबाईंना म्हणाला, “मावशी, काळू तर थेट बेटापर्यंत येतो. तो होडीत नको. किंबहुना काठावरही नको.”

“तो खाली उतरत न्हाई सर. कवाच उतरला न्हाई.”

“आपल्यासमोर नाही उतरत. पण त्याला रस्ता माहीत झालाय ना.”

नर्मदाबाईंनी त्याला घरी बांधलं. बांधला की काळू दिवसभर रडायचा. आठवडाभर ते ऐकून त्यांनी त्याला आखाडा बाळापूरला भावाकडे धाडून दिलं. “तुमी शिकलेले हाव. तुमी म्हंता म्हंजी असंल,” एवढंच त्या म्हणाल्या. भीमराजला हे गावपातळीवरच्या लोकसहभागाचं उत्तम उदाहरण वाटलं. त्यानं ते वहीत लिहूनही ठेवलं.

तरी अंडी जातच राहिली. मग त्यानं एका मित्राकडून दोन कॅमेरे आणले, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे. ते बेटावर खुंट्यांना बांधले आणि नऊ दिवस ठेवले. दहाव्या दिवशी कार्ड काढून घेतलं. घरी जाऊन आधी बघून घ्यावं, एवढं सुद्धा त्याला वाटलं नाही. त्यात काय असणार हे त्यानं चौथ्या प्रकरणात लिहूनच ठेवलं होतं. उलट गावाला पुरावा सगळ्यांसमोर दाखवायचा, म्हणून त्यानं रविवारी सकाळी नऊची वेळ ठरवली. ग्रामपंचायतीच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. माणिकराव पहिल्या खुर्चीवर, नर्मदाबाई भिंतीला टेकून खाली, आणि मागं तीस-पस्तीस माणसं.

“आता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा,” भीमराज म्हणाला आणि त्यानं पहिला फोटो लावला.

पहिल्या फोटोत भीमराज होता. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्यात तो वाकलेला होता आणि कॅमेरा मागच्या बाजूला होता.

“सर, ही तुमचीच पाठ व्हय?” कुणीतरी विचारलं.

“पाठच म्हणायची,” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“हे सुरुवातीचे आहेत,” भीमराज म्हणाला आणि भराभर पुढं गेला. पुढंही तोच. हेल्मेट घातलेला, छत्री धरलेला, शर्टावर पांढरा ओघळ आलेला. एका फोटोत छत्री उलटी झालेली होती आणि तो आकाशाकडे बघून हात जोडत होता. इथं बायांच्या बाजूनं पहिलं मोठं हसू फुटलं. भीमराजनं घाम पुसला. एवढ्या जवळून आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यानं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. वर्गातली पोरं मागच्या बाकावर का हसतात, हे त्याला नऊ वर्षांनी समजलं.

मग एक फोटो आला, त्यात होडी परत निघालेली दिसत होती. खाली वेळ होती: सकाळचे सहा बावन्न. पुढचा फोटो सहा अठ्ठावन्नचा. पहिल्या नंबरच्या झेंड्यावर एक डोमकावळा बसलेला. पुढच्या फोटोत कावळा खाली, अंड्यापाशी. मग दुसऱ्या नंबरच्या झेंड्याखाली. मग तिसऱ्या. त्याच्यामागं दुसरा कावळा. पक्षी वरून ओरडत होते, झेपावत होते, पण त्यातले निम्मे भीमराजच्या होडीमागं गेलेले होते, त्याला हाकलायला. इकडं कावळे एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्याकडे आरामात चालत होते, पोस्टमन घरोघर टपाल टाकत जातो तसे. फरक इतकाच, की हे घेऊन जात होते.

मग माणिकराव हळूच म्हणाले, “कावळ्याला अंक येतेत की सर.”

त्यानंतर जे हसू सुटलं ते आवरेना. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. भीमराज यंत्रासारखा फोटो पुढं ढकलत राहिला. चौथा दिवस, सहावा, आठवा. तो यायचा, जायचा, पाच-सहा मिनिटांत कावळे यायचे. आठव्या दिवशी तर कावळा तो निघायच्या आधीच येऊन थांबला होता. फोटोत त्याच्या पाठीमागं, चार पावलांवर, मान तिरपी करून उभा होता. शेवटी एक हजार चारशे फोटो संपले. माणूस एक, कावळे दोन.

“कुत्र्याचा फोटो कवा येणार सर?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही,” भीमराज म्हणाला. “एकही नाही.”

सगळे हसत होते, नर्मदाबाई हसत नव्हत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दाराशी थांबून म्हणाल्या, “मंग काळूला काहून धाडलं सर?”

भीमराजनं टीव्हीची वायर काढली आणि तो ती गुंडाळायला लागला.

घरी आला तेव्हा करुणा भाकरी करत होती. त्याचं तोंड बघून तिनं विचारलं, “काय झालं?”

“भक्षक सापडला.”

“कोण?”

“मी.”

तिनं तवा खाली उतरवला, सगळं नीट ऐकून घेतलं. हसू दाबून ठेवायचा तिनं मनापासून प्रयत्न केला, पण झेंड्यावर बसलेल्या कावळ्यापाशी तिचा नाइलाज झाला. मग म्हणाली, “वाढू का? की अंडी खाऊनच आलात?”

दुपारी त्यानं मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते अनुभवी होते. म्हणाले, “खिल्लारे, एवढं मनाला लावून घेऊ नका. ते फोटो बाजूला ठेवा. मर्यादा म्हणून एक ओळ टाका, ‘अभ्यासकाच्या वावराचा किंचित परिणाम संभवतो’. कुत्र्यांचं प्रकरण तयारच आहे. जाऊ द्या पुढं.”

पुढं आपण हे फार ताठपणे नाकारलं असं सांगायला भीमराजला आवडलं असतं. पण खरं असं होतं, की दीड दिवस तो ‘किंचित’ या शब्दाच्या प्रेमात होता. त्यानं ती ओळ टाइपसुद्धा केली. मग आठवलं, की पस्तीस लोकांनी ते फोटो बघितलेत आणि आतापर्यंत ती गोष्ट साखऱ्याच्या आठवडी बाजारापर्यंत गेली असणार. त्याच्या प्रामाणिकपणाची सुरुवात अशी झाली. बाकीचा प्रामाणिकपणा मागाहून आला, नर्मदाबाईंचा प्रश्न पुन्हा पुन्हा कानात वाजायला लागला तेव्हा. त्यानं ती ओळ खोडली, चौथं प्रकरण खोडलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून आखाडा बाळापूरला गेला.

नर्मदाबाईंच्या भावाचं, हरिचंदचं, बाजारात मासळीचं दुकान होतं. काळू दुकानाच्या पायरीवर पसरलेला होता. दोन महिन्यांत तो चांगला गोल झाला होता. भीमराजला बघून त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

“ह्यो येत न्हाई आता,” हरिचंद म्हणाला. “इथं त्याला दोन वख्त मासळी हाय. तिथं काय हाय?”

“तिथं मावशी आहेत.”

“हां, ते बराबर हाय. पण त्याला सांगा.”

काळूला सांगण्यात एक तास गेला. बिस्किटं झाली, दोरी झाली. शेवटी मासळीचे रिकामे कॅरेट घेऊन धरणाकडे निघालेल्या एका टेम्पोत हरिचंदनं त्याला उचलून टाकलं आणि भीमराजला म्हणाला, “धरून बसा मागं. न्हाई तर उडी मारंल.” म्हणून भीमराज मागं बसला. मोटारसायकल बाळापूरलाच राहिली. कळमनुरी येईपर्यंत काळूनं त्याच्याकडे पाठ फिरवून ठेवली, आणि कळमनुरीनंतर त्याच्या पँटवर ओकला. हिंगोलीत टेम्पो कॉलेजच्याच रस्त्यानं गेला. वेळ नेमकी सुटण्याची. बी.एस्सी.च्या दोन मुलींनी कॅरेटांच्या मधे बसलेल्या सरांना ओळखलं.

“सर, कुठं निघालात?”

“फील्डवर्क,” भीमराज म्हणाला. नऊ वर्षांच्या नोकरीत इतकं खरं उत्तर त्यानं क्वचित दिलं होतं.

खडकदरीत टेम्पो थांबला तेव्हा नर्मदाबाई जाळं सांधत बसल्या होत्या. काळू उतरला, सरळ त्यांच्या मांडीवर गेला आणि असा काही आवाज काढायला लागला की भीमराजला तिकडं बघवेना. तो धरणाच्या पाण्याकडे बघत उभा राहिला.

“माझं चुकलं मावशी.”

“व्हय, चुकलं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “पँट धुवा. तवर चहा ठेवते.”

चहा पिता पिता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, साखर कमी पडली का विचारावं तशी. “तुमच्या झेंड्यातली पाखरं गेली. पण पल्याडच्या अंगाची पिल्लं निघाली बगा.”

“पल्याड? पल्याड कुठं घरटी आहेत?”

“चिखलाच्या पल्याड. सालोसाल असतेत. धा-पंधरा तरी.”

“मग तुम्ही मला कधी सांगितलं नाही!”

“तुमी कवा इचारलं? पयल्या साली चिखलात तुमचा बूट रुतला, तवापासून तुमी तिकडं पाय ठुला न्हाई. मला वाटलं, तिकडचं तुमाला लागत नसंल.”

दुसऱ्या दिवशी खाली न उतरता, होडीतूनच दुर्बीण लावून त्यानं बघितलं. वाळूच्याच रंगाची पिल्लं आईच्या पोटाखालून डोकं काढत होती. पल्याड चौदा घरटी होती, त्यातली नऊ निघालेली. झेंडे लावलेल्या छत्तिसातली निघाली चार. कुठल्याही शास्त्रज्ञाला हवीच असते अशी तुलना त्याच्यासमोर तयार होती: एका बाजूला त्यानं अभ्यास केलेली घरटी, दुसऱ्या बाजूला त्याच्या आळसानं वाचलेली. चार वर्षांच्या मेहनतीतून जे निघालं नाही ते एका रुतलेल्या बुटातून निघालं होतं. हा विचार त्यानं रात्री करुणाला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मग प्रबंधात बुटाचे आभार माना.”

त्या दिवशी खडकदरीतून परत निघायच्या आधी तो ग्रामपंचायतीत गेला होता आणि माणिकरावांना म्हणाला होता, “कुत्री सोडायला सांगा.” माणिकराव म्हणाले, “कवाच सोडली. त्या रविवारीच.”

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे पाचव्या वर्षी, भीमराजनं बेटावर पाऊल टाकलं ते फक्त एकदा, फेब्रुवारीत, पक्षी अंडी घालायच्या आधी. सगळे पिवळे झेंडे त्यानं बेटाच्या एका टोकाला, रिकाम्या वाळूत रोवले. नंबर सुद्धा घातले. घरट्यांना काहीच खूण केली नाही. काठावरच्या बाभळीखाली तिवईवर मोठी दुर्बीण लावून कागदावर नकाशा काढला, आणि नकाशावर ठिपके दिले. कावळे आले. पहिल्या झेंड्यापाशी गेले, दुसऱ्यापाशी गेले, असे छत्तीसच्या छत्तीस फिरले. चार-पाच दिवस त्यांनी हे इमानदारीनं केलं. सहाव्या दिवशी एकानं एक झेंडा उपटला, आपटला, आणि दोघं उडून गेले. भीमराजला त्यांचा राग कळला. एखाद्या विषयावर चार वर्षं घालवल्यावर तो चुकीचा निघाला की असंच होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. घारीनं पिल्लं नेली. एका वादळात पाणी चढून खालची सहा घरटी वाहून गेली. पक्षी कमी का होताहेत, याचं पूर्ण उत्तर त्याच्यापाशी अजून नव्हतं; त्यातला आपला वाटा किती, तेवढं मात्र आता दशांश चिन्हासकट माहीत होतं. मार्गदर्शक सरांनी नवी प्रकरणं वाचली आणि म्हणाले, “खिल्लारे, हे असं स्वतःबद्दल कुणी लिहीत नाही हो.” मग म्हणाले, “पाठवा.”

मे महिन्यात एका सकाळी तो बाभळीखाली बसला होता. नर्मदाबाई जाळं घेऊन आल्या, काळू त्यांच्यामागं. त्यांनी विचारलं, “सकाळधरनं बगून राहिले. काय करून राहिले सर?”

“काही नाही मावशी. काहीच न करायचा अभ्यास.”

“हे बेस हाय,” त्या म्हणाल्या. “हे तुमाला जमतंय.”

तेवढ्यात बेटावर गलबला उठला. एक पिल्लू पंख पसरून वाऱ्यावर चढलं, वाकडंतिकडं झालं आणि धपकन पाण्यात पडलं. पुन्हा उठलं. मग दुसरं, मग एकदम चार-पाच. भीमराज ताडकन उठला. एवढ्या लांबून नीट मोजता येणार नाही, चोचीचा रंग दिसणार नाही, जवळून एक फोटो तरी हवाच, असं काहीबाही बोलत तो होडीकडे निघाला सुद्धा. त्याचा एक पाय होडीत पडला होता, तेवढ्यात नर्मदाबाईंनी वल्हं आडवं धरलं.

“सर,” त्या म्हणाल्या. “बसा.”

भीमराजनं पाय काढून घेतला, बाभळीखाली परत गेला आणि बसला. दुर्बिणीला डोळा लावून तो मोजायला लागला. सात झाली, आठ झाली, मधेच दोन पिल्लं एकमेकांना आडवी गेली आणि त्याचा हिशोब चुकला. त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.